तिच्या वाट्याची थाप

"आणि तुला गं? तुला कुठून उचलून आणलं होतं?" कुमुदाने विचारलं, तेही तोंडात घास असताना. जॉर्ज टाऊनमधल्या चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या तिघी कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे जेवायला बसल्या होत्या. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि गप्पांना नुसता ऊत आला होता. विषय आईबापांच्या थापांचा. रोहायाच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं की चुलीपाशी गाणं म्हटलं की नवरा म्हातारा मिळतो. रोहाया म्हणे मग स्वयंपाकघरात शिंकायलाही घाबरायची, न जाणो शिंक सुरात निघाली तर. कुमुदाच्या बापाने सांगितलेलं की आठ वाजले की टीव्हीला ताप चढतो, आणि पुरावा म्हणून तो पोरीचा हात टीव्हीच्या पाठीला लावायचा. पाठ गरमच असायची. बिचारी ओल्या फडक्याची घडी टीव्हीवर ठेवून मग झोपायला जायची. हसून हसून तिघींची पोटं दुखायला लागली आणि गाडी आली जन्माच्या थापेवर. त्या थापेचं काय सांगायचं, या किनाऱ्यावर घराघरात देव बदलतो, भाषा बदलते, थाप मात्र तीच. रोहाया बापाच्या जाळ्यात बांगड्यांबरोबर सापडलेली. कुमुदा तांदळाच्या पोत्यावर फुकट मिळालेली. आता पाळी स्यूपेंगची होती.

तिने मोठ्या हौसेने सुरुवात केली. तिच्या पाठचा भाऊ बून-हॉक मासळी बाजारातून विकत घेतलेला. धाकटा बून-सेंग एका काटेरी दुरियान फळाच्या बदल्यात आणलेला, आणि दुरियान गोड निघाला असता म्हणून मा अजून हळहळते. बून-हॉक तर एकदा पिशवीत चड्डी-सदरा भरून खरी आई शोधायला मासळी बाजारात गेला होता. तिथला मासेवाला आधीच सामील असावा. त्याने पोराला वरखाली बघितलं आणि म्हणाला, हो, मीच विकला होता, पण विकलेला माल परत घेत नाही. यावर रोहायाने टेबलावर थाप मारली, कुमुदाला ठसका लागला. "ते झालं भावांचं. तुझं सांग की," कुमुदा म्हणाली. स्यूपेंगने तोंड उघडलं आणि आत काही सापडेचना. "मला नाही आणलं कुठून," ती म्हणाली, "मी आईच्या पोटातून आले." आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. लहानपणी भावांना खिजवताना काढायची तो, नाक वर केलेला. रोहायाने डोळे पुसत सहज म्हटलं, "अगं बाई, दोघांना आणलं आणि तुला एकटीलाच सोडलं होय?" आणि ती पुन्हा जेवायला लागली.

एकटीलाच. म्हटलं तर शब्द साधा, पण स्यूपेंगच्या कानशिलांत एकदम गरम झालं. ती दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत असते, हे बरं दिसतं का, की हे बरं, आणि एखादं भिंग असं बसतं की समोरचा माणूस खुर्चीत ताठ होतो, शेवटची बारीक ओळ त्याला लख्ख दिसते. तसं झालं. चाळीशी उलटून गेलेली बाई, घरी नवरा, कॉलेजात मुलगी, आणि इतकी वर्षं नाकावर बसलेली गोष्ट आज दिसावी! वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं, असं तिलाही वाटलं. पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता, भीतीने काठोकाठ भरलेला आनंद, लपाछपीत कपाटात बसलेल्या पोराला पावलं जवळ येताना होतो तसला. पायांना घाई झाली होती. डोकं दुखतंय म्हणून तिने मालकाला सांगितलं, ही तिची त्या दिवसातली पहिली थाप, आणि ती जवळजवळ धावतच धक्क्याकडे निघाली. मा पाण्यापलीकडे राहायची, बटरवर्थला, आणि फेरीबोट काही कोणाच्या घाईने सुटत नाही.

तिची मा, ग्वात-एंग, तशी पट्टीची थापाडी. लोंगानची बी गिळली की पोटात झाड उगवतं आणि फांद्या कानातून बाहेर येतात, असं सांगून ती रोज सकाळी पोरांचे कान तपासायची, आणि एकदा तर बून-सेंगच्या कानातून तिने खरोखर एक हिरवं पान काढून दाखवलं होतं. चंद्राकडे बोट दाखवलं की चंद्र येऊन कान कापतो. वाडग्यात जितकी शितं टाकाल तितके देवीचे व्रण नवऱ्याच्या तोंडावर उठतात. फेरीबोटीत पोरं भांडली की बोट एका बाजूला कलते, हे तर इतकं खरं वाटायचं की अजूनही बोटीत कोणाचं मूल रडायला लागलं की स्यूपेंगचा हात नकळत कठड्याकडे जातो. पण मा थाप मारायची आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या ओठाचा एक कोपरा उडायचा, म्हणजे ओळखायचं. फक्त एका गोष्टीत तो कोपरा कधी उडाला नाही. "ही माझ्या पोटची," असं ती स्यूपेंगच्या डोक्यावर हात ठेवून सांगायची, पाहुण्यांना, भाजीवाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला, न विचारता. आणि पदर नव्हता म्हणून सदरा वर करून पोटावरचा व्रणही दाखवायची, इथून काढली म्हणून.

आता यातली खरी मेख अशी की ते दोघे भाऊ माला मा म्हणतच नाहीत. मावशी म्हणतात. बापाला काका म्हणायचे, तो जाईपर्यंत काकाच म्हणाले. यात त्यांच्या चिनी लोकांना काही नवल वाटत नाही. ज्या घरात पोरं जगत नाहीत, किंवा ज्यांच्या पत्रिका आईबापाच्या पत्रिकेला आडव्या जातात, तिथे पोरांनी मावशी-काका म्हणायचं आणि आईबापाने चारचौघांत सांगत सुटायचं, ही आमची नव्हेत हो, उचलून आणलीत. का, तर वर आभाळात पोरं उचलून नेणारे कान देऊन बसलेले असतात. त्यांना चांगलं पोर दिसलं की हात शिवशिवतात. परक्याचं, उकिरड्यावरचं पोर म्हटलं की ते दुसरीकडे वळतात. म्हणून घरातली नावंसुद्धा कुत्र्या आणि डुकऱ्या. माय मरो, मावशी जगो म्हणतात, इथे एकच बाई दोन्ही होती. मासळी बाजार आणि दुरियान ही निव्वळ गंमत नव्हती, ते दाराला लावलेलं कुलूप होतं, फक्त मा ते हसत हसत लावायची. लहानपणी स्यूपेंगला हे कोणी समजावलं नाही. तिने आपला सरळ अर्थ लावला की भाऊ आणलेले, आणि मा म्हणायचा मान आपल्या एकटीला, कारण आपण खऱ्या. तिला त्यांची इतकी दया यायची की ती आपल्यातली अर्धी गोळी चोखून बून-सेंगला द्यायची, बिचारा परका म्हणून. पुढे मोठेपणी ती रीत कळली, तेव्हा ती नुसती हसली आणि विसरली. भावांचा उलगडा झाला, तिने स्वतःचा हिशेब मांडलाच नाही. जिला कुलूप लावलं नाही ती कोण, हा प्रश्न तिला पडलाच नाही, कारण ती त्या प्रश्नाच्या आतच राहत होती.

बोट सुटली. वारं तोंडावर आलं आणि ती कठड्याशी उभी राहून एकटीच हसायला लागली, शेजारचा मोटरसायकलवाला जरा सरकून उभा राहिला. तो व्रण! तो व्रण उजव्या बाजूला, खाली, तिरका. तसाच, त्याच जागी, तिच्या नवऱ्याच्या, चिन-वाच्या पोटावर आहे, लग्नानंतरच्या वर्षी त्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हाचा. ती स्वतः तेव्हा त्याच्या उशाशी बसली होती. रोज डोळ्यांसमोर तो व्रण, आणि तिला कधी सुचू नये? त्या न्यायाने चिन-वाही एकदा बाळंत झाला होता म्हणायचा. हसू थांबेना, आणि हसताहसता मधेच काहीतरी टोचलं. कोंबडीची तंगडी. सणाला घरात कोंबडी शिजायची तेव्हा एक तंगडी बापाला, म्हणजे पा-ला, आणि एक स्यूपेंगला, नेहमी. भाऊ पंखांवरून मारामारी करायचे, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायचे, आणि तिच्या वाडग्यात न मागता तंगडी यायची. भावांना चपलेचा मार बसायचा, तिला कधी नाही. तिला कधी गाढव म्हटलं नाही, कधी तिच्या चपट्या नाकावरून कोणी बोललं नाही. इतकी वर्षं ती हे लाड समजत होती. पण अशी वागणूक घरात दुसऱ्या कोणाला मिळते? पाहुण्याला. पाहुण्याला चांगला तुकडा वाढतात आणि त्याची थट्टा करत नाहीत.

आणि मग, बोट अर्ध्या वाटेवर असताना, तिला ते दिसलं ज्याने तिचं हसू थांबलं. भावांना लपवलं होतं. वरच्यांपासून, हाका मारून मारून, कुत्र्या म्हणून, डुकऱ्या म्हणून लपवलं होतं. आणि तिला? तिला उघड्यावर ठेवलं होतं. ही माझी, ही माझी, असं मोठ्याने ओरडून, डोक्यावर हात ठेवून दाखवून दिलं होतं की ही बघा. मा त्यांना भीत होती, यात तर संशयच नव्हता. चाळीस वर्षं एवढा खटाटोप कोणी भीतीशिवाय करत नाही. मग स्यूपेंगच्या बाबतीत ती भीती कुठे गेली होती? की दोघांना वाचवायला तिसरं कोणीतरी पुढे ठेवलं होतं, न्यायचं असेल तर हिला न्या म्हणून? हे मनात आलं आणि ती कठडा धरून उभी राहिली. कोणाच्या पोटातून आलो याचं तिला आता तितकंसं पडलं नव्हतं. ते कोडं होतं आणि कोडं सुटल्याची धुंदी अजून अंगात होती. तिला एवढंच हवं होतं: मला गमावायची हिला कधी भीती वाटली होती का? एकदा तरी? वाटली असेल तर सगळं ठीक, मग मी बाजारातली असो की बोटीतली. नसेल वाटली तर, तर काय, हे मात्र तिला पुढे बोलता येईना. बोट धक्क्याला लागली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उतरली, एका बाईच्या पिशवीला धक्का देऊन, माफीही न मागता.

मा पडवीत बसली होती, फुलाफुलांचा पायजमा, पाय पसरलेले, पुढ्यात मुगाच्या लांब मोडांची टोपली. एकेका मोडाची शेपटी खुडून ती शेजारच्या पाण्यात टाकत होती. दारावरच्या लाल देव्हाऱ्यात उदबत्ती जळत होती. आज लवकर कशी, तिने विचारलं. डोकं दुखतंय असं सांगून आले. दुखतंय का? नाही. मग बस आणि शेपट्या खुड, मा म्हणाली, रिकाम्या हाताने गप्पा मारू नयेत. स्यूपेंग बसली. बोटांना सवय होती, ती आपोआप चालायला लागली. काय काय बोलायचं हे तिने बोटीत जुळवलं होतं, ते सगळं कुठल्या कुठे गेलं.

"मा, बून-हॉकला मासळी बाजारातून आणलं. बून-सेंगला दुरियान देऊन. मला कुठून आणलं?"

"तू माझ्या पोटची," मा म्हणाली, ताबडतोब, मान वर न करता.

"मा, ते अपेंडिक्स आहे."

माची बोटं थांबली. तिने खाली आपल्या पोटाकडे बघितलं, जणू व्रणानेच चहाडी केली. "कोण म्हणतं?"

"चिन-वालाही आहे तसाच. तिथेच."

"हो का? मग त्याला काय झालं होतं, मुलगा की मुलगी?" मा म्हणाली, आणि तिच्या ओठाचा कोपरा उडाला. दोघी एकदम हसल्या, मोड हातातून गळून पडले इतक्या हसल्या, आणि हसणं संपलं तेव्हा मधे काही उरलं नव्हतं ज्याच्या आड लपावं. माने पायजम्याला हात पुसले. मग ती बोलायला लागली, हळूही नव्हे, रडतही नव्हे, बाजारभाव सांगावा तशी. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. देवळातल्या म्हातारीने सांगितलं, कोणाची तरी मुलगी आण, तिच्या पाठोपाठ मुलगे येतील आणि टिकतील. बुकित मर्ताजामच्या डोंगरापलीकडे एक घर होतं, सगळ्या मुलीच, आणि ही शेवटची वाघाच्या वर्षात जन्मलेली, वाघीण घरात नको म्हणून कोणाला तरी द्यायला निघालेले. पा आणि ती मोटरसायकलवरून गेले, येताना मधे टॉवेलात गुंडाळलेली ही. वाटेत टायर पंक्चर झालं आणि ही सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी रडली. पा म्हणाला, वाघीणच आहे. बास, एवढंच. त्या घरातली माणसं नंतर गाव सोडून गेली, कुठे ते ठाऊक नाही, हवं असेल तर शोधू, तिने पुढे जोडलं, आणि पुन्हा एक मोड उचलला.

स्यूपेंगला वाटलं होतं की हे ऐकताना आत काहीतरी तुटेल. तुटलं नाही. उलट तो टॉवेल, ते पंक्चर, ते रडणं, तिला ते इतकं आवडलं की पुन्हा सांग म्हणावंसं वाटलं. पण तो दुसरा प्रश्न अजून बाकी होता. तिने तो घाईघाईत विचारला, थांबली तर राहून जाईल म्हणून. भावांना लपवलंत, मला का नाही? मला कोणी नेलं असतं तर?

माने आणखी एका मोडाची शेपटी खुडली. बोलली तेव्हा तिचा आवाज जरा चिडलेला होता, जसा तो खरं सांगताना नेहमी व्हायचा. पहिली काही वर्षं नव्हती वाटली भीती, ती म्हणाली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याची पोर, हिला कोण नेतंय, म्हणून गावभर मिरवलं तुला, माझी माझी म्हणून. मग तू पाच वर्षांची झालीस आणि तुला ताप आला. उतरेचना. पा कामावर, भर दुपार, पोरं शेजारी. शेजारीण म्हणाली, बघतेस काय, दारात उभी राहा आणि मोठ्याने म्हण, ही माझी नाही.

"मी गेले दारात," मा म्हणाली. "तोंड उघडलं. आणि तू आतून माझ्याकडे बघत होतीस. पोरांना म्हणायला काय लागतं, ते खोटंच होतं, दिवसातून किती वेळा म्हणत होते. तुझं ते खरं होतं गं. खरं ते तुझ्यासमोर कसं बोलू?"

"मग काय केलंस?"

"मग झाडू घेतला," मा म्हणाली. "आणि वर बघून म्हटलं, माझीच आहे. कोण नेतो तेच बघते."

स्यूपेंग तिच्याकडे बघत राहिली. ही बाई चतुर्थांश वाडगा भात खाणारी, झुरळाला घाबरणारी, मुलग्यांच्या वेळी आभाळापुढे लवून खोटं बोलणारी, आणि तिच्यासाठी तीच झाडू घेऊन आभाळाशी भांडायला उभी राहिली होती. आणि मा पुढे पुटपुटतच होती, की त्यानंतर रोजचीच धास्ती, एकदा माझी म्हणून बसले आता मागे कसं घेऊ. लपवता येत नाही ते निदान दणकट तरी असावं, म्हणून कोंबडीची तंगडी तुला, आणि ते दोन हावरट अजून मला त्या तंगडीवरून ऐकवतात. स्यूपेंगचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला नाचावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने माच्या गुडघ्यावर जोरात चापट मारली. मा ओरडली. आणि तेवढ्यात स्यूपेंगला ते सुचलं, इतकं सोपं की ती टोपली सरकवून उभीच राहिली.

"मा, मग आता म्हण."

"काय म्हणू?"

"तेच. दारात उभी राहून. ही माझी नाही म्हणून." मा तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मला आता सगळं कळलंय. आता ते म्हणालीस तर मला काय लागणार? झाडू घेतलास तेव्हापासून ती थापच झाली की."

मा म्हणाली, केस पांढरे झालेत तुझे, आता तुला कोण नेतंय. तिने हातातला मोड टोपलीत ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, उठली. दाराशी गेली, देव्हाऱ्याखाली उभी राहिली, घसा साफ केला. स्यूपेंगने पाहिलं, ओठाचा तो कोपरा, तो आधीच उडायला लागला होता.

"ही बाई माझी नाही हो!" मा ओरडली. "फेरीबोटीत माझी छत्री हरवली होती! चौकशीला गेले, तर त्यांनी छत्रीच्या बदल्यात ही दिली! छत्री बरी होती!"

शेजारचं दार उघडलं आणि शेजारणीने डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं, ग्वात-एंग, कोणाशी भांडतेयस? काही नाही, मा म्हणाली, ही कोण बाई येऊन बसलीय, मोड खुडतेय, मी ओळखत नाही, जेवेल आणि जाईल. शेजारीण स्यूपेंगला गेली तीस वर्षं ओळखत होती, ती दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. स्यूपेंग पडवीच्या खांबाला धरून उभी होती, गाल ओले, नाक गळतंय, आणि हसण्यामुळे तिला धड श्वासही घेता येत नव्हता.

"मोठ्यानं म्हण, मा," ती कसंबसं म्हणाली. "वर ऐकू गेलं पाहिजे."

आणि मा पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.